काविळीची माळ आणि चकलीची जाहिरात

२०२३च्या दिवाळीआधी मी आमच्या वहिनींचे १८० पौंड पाण्यात घालवले. वहिनी नात्याने माझ्या कुणी नाहीत. इथे लेस्टरमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सांगलीला बारा वर्षं शाळेत शिकवलं, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या, आणि आता घरच्याच स्वयंपाकघरातून फराळाचे डबे विकतात. त्यांच्या हिशेबी मी 'कॉम्प्युटरवर आकडेमोड करणारी', त्यामुळे ऑनलाइन जाहिरात कशी करायची हे मला माहीत असणारच. मलाही तसंच वाटलं, घोळ तिथेच झाला.

मी काय केलं? चकल्यांचा एक झकास फोटो काढला, एका सोशल मीडियावर टाकला आणि पोस्ट 'बूस्ट' केली. जाहिरात कुठे दाखवायची, तर यूके आणि भारत. भारत कशाला? म्हटलं, पुण्या-नाशिकचे आईवडील इकडच्या मुलांसाठी डबा मागवतील. नऊ दिवसांत तेराशे लाईक आले. मी रोज आलेख उघडून बघायचे, रेघ वर वर चाललेली. दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला, "अगं, अंगठे एवढे आले, पण डबे कुठायत?" डबे चार गेले होते. त्यातले तिघं मागच्या वर्षीचीच गिऱ्हाइकं.

त्या पैशांतून त्यांना दुसरी शेगडी आणि मोठी कढई घ्यायची होती. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्यामुळे तर जास्तच लागलं. मग मी ज्या विषयात पीएचडी केली, तो वापरून हे प्रकरण नीट समजून घ्यायचं ठरवलं. एपिसोडमध्ये यातलं थोडंसंच बोलता आलं, म्हणून सविस्तर इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी किंवा ओळखीत कुणीतरी टिफिन, ब्लाउज शिवणं, मेंदी, गाण्याचे क्लास, असं काही करत असतं, आणि "जरा ऑनलाइन टाकून दे ना" हे काम घरातल्या तरुण माणसावर येतं.

आधी माझी चूक. ही जाहिरात यंत्रणा फार आज्ञाधारक असते, तुम्ही जे मागाल ते आणून देते. मी 'जास्त प्रतिसाद' हा पर्याय निवडला होता. तेव्हा तिने स्वस्तात अंगठे देणारी माणसं शोधली. पुण्यात रिक्षाची वाट बघत फोन चाळणाऱ्या माणसाचा अंगठा लेस्टरमधल्या नर्सच्या अंगठ्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. त्या माणसाला चकली खरंच आवडली असेल, पण तो विकत घेणार नव्हता. यंत्रणा फसवत नव्हती. मी चुकीची गोष्ट मागितली होती.

पण समजा मी 'विक्री' मागितली असती आणि आलेखावर 'चाळीस ऑर्डर' असं आलं असतं, तर? तरी प्रश्न सुटला नसता. आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

माझं रोजचं काम औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीचं आहे. तिथे पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात बसवतात: औषध दिलं नसतं तर काय झालं असतं? आमच्या गावी कावीळ झाली की माळ घालायला न्यायचे. वनस्पतीच्या काड्यांची छोटीशी माळ डोक्यावर ठेवायची. ती दिवसागणिक मोठी होत खाली उतरते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली. माझ्या आजीचा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि तिचा अनुभव खोटा नव्हता. माणसं बरी व्हायचीच. पण दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. आणि काड्या सुकून बारीक झाल्या की दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. माळ खरीच मोठी होते, रोगी खराच बरा होतो, फक्त एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. (काविळीत डॉक्टरकडे जायचंच, तो वेगळा विषय.)

जाहिरातीचा डॅशबोर्ड ही पुष्कळदा अशी माळ असते. आता वहिनींचं जुनं गिऱ्हाईक घ्या. दिवाळी आली, त्याला डबा हवाच आहे. फोन नंबर सापडत नाही म्हणून तो त्यांच्या किचनचं नाव सर्च करतो. सगळ्यात वर जाहिरात दिसते, खाली त्यांचं पान फुकट दिसतं. तो वरच्यावर टिचकी मारतो. आलेखात नोंद होते: जाहिरातीमुळे एक विक्री. खरं म्हणजे तो तसाही येणारच होता.

याचा एक मोठा प्रयोग ईबेने केला. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी, टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी, २०१५ साली तो 'इकॉनोमेट्रिका'मध्ये छापला. मार्च २०१२मध्ये त्यांनी 'ईबे' हा शब्द शोधणाऱ्यांना याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर दिसणाऱ्या जाहिराती बंद केल्या. जाहिरातीवरून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आल्या. म्हणजे एवढे दिवस कंपनी स्वतःच्याच दारात उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे कुणाला तरी दलाली देत होती. पुढे त्यांनी अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांच्या जाहिरातीही बंद करून बघितल्या. विक्रीत सरासरी जवळजवळ फरकच दिसला नाही. फरक दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांत. त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम होत होता. पण खर्चाचा मोठा भाग नेहमी येणाऱ्यांवरच चालला होता.

हा निकाल वाचून "जाहिरात म्हणजे थोतांड" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसं त्यात म्हटलेलं नाही. ईबे सगळ्यांना माहीत होती, वहिनींना कुणी ओळखत नाही. ज्याला तुमचं नावच माहीत नाही त्याच्यापर्यंत पोचायला जाहिरात उपयोगी पडू शकते. फक्त पैसे त्याच्यावरच खर्च होताहेत ना, एवढं बघायला लागतं.

मध्यंतरी वहिनींना एका एजन्सीचा ईमेल आला होता. महिना ३०० पौंड, आणि एका महिन्यात 'पहिल्या पानावर पहिला नंबर'. नमुना म्हणून एका जुन्या ग्राहकाचा अहवाल जोडला होता. त्यात पहिला नंबर कोणत्या शब्दाला मिळवून दिला होता? त्या दुकानाच्या स्वतःच्या नावाला. तुमच्या नावाचं जगात दुसरं दुकान नसेल तर तो नंबर तसाही तुमचाच. असा अहवाल कुणी दाखवला की शब्दांची यादी मागा आणि त्यातून स्वतःचं नाव काढून टाका. उरेल ते बघा.

मग मोजायचं कसं? इथे मी संशोधक म्हणून थोडी निराशा करणार आहे. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे जाहिरातींचे पंचवीस प्रयोग तपासले. बहुतेकांत लाखो माणसं होती, सगळ्यांचा मिळून खर्च २८ लाख डॉलर. तरीसुद्धा 'घातलेल्या पैशांवर किती परत आले' याचं उत्तर इतकं धूसर निघालं की अंदाजाची रुंदी निम्म्याहून जास्त प्रयोगांत शंभर टक्क्यांहून मोठी होती. म्हणजे फायदा झाला की तोटा, हे लाखो माणसं असूनही ठामपणे सांगता येईना. कारण माणसं खरेदी करतात त्याची हजार कारणं असतात, आणि त्या गलक्यात जाहिरातीचा आवाज बारीक असतो. तिथे साठ डबे विकणाऱ्या वहिनींच्या आलेखावरून काय कळणार?

पण छोट्या धंद्याकडे एक गोष्ट आहे जी मोठ्यांकडे नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला विचारता येतं. २०२४च्या दिवाळीला आम्ही एवढंच केलं. डबा देताना किंवा फोनवर ऑर्डर घेताना वहिनींनी प्रत्येकाला विचारायचं, "आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?" आणि फ्रिजशेजारच्या कालनिर्णयच्या मागे रेघ ओढायची. 'पहिल्यांदा' हा शब्द महत्त्वाचा. नाहीतर लोक शेवटची गोष्ट सांगतात, "गूगलवर बघितलं", जरी गूगलवर जायच्या आधी मैत्रिणीच्या घरी लाडू खाल्लेला असला तरी.

रेघांनी आमचे बरेच समज मोडले. बहुतेक गिऱ्हाइकं कुणाच्या तरी घरी किंवा ऑफिसात फराळ खाऊन आलेली. त्यात मराठी नसलेलेही बरेच होते. काही मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. काही सर्चमधून. आणि पाच ऑर्डर अशा, की भारतातल्या आईने मुलाला फोन करून सांगितलं, "त्या बाईंकडून मागव". म्हणजे पुण्याच्या आईवडिलांची माझी कल्पना चूक नव्हतीच! फक्त त्यांच्यापर्यंत बातमी पोचली ती इकडच्या नातेवाइकांच्या फॉरवर्डमधून, अंगठ्यांतून नाही.

हे कळल्यावर काम सोपं झालं. प्रत्येक डब्यात दोन चकल्यांची एक वेगळी छोटी पुडी जायला लागली, वर चिठ्ठी: 'ही शेजाऱ्यांसाठी'. चिठ्ठीवर फोन नंबर, आणि 'हा नंबर सेव्ह करून ठेवा' अशी विनंती. त्यामागे तांत्रिक कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप मिळतो. ग्रुपपेक्षा ही पद्धत मला बरी वाटते. एकाचं "मलाही दोन डबे" बाकी दोनशे जणांना दिसत नाही आणि मंडळाच्या अ‍ॅडमिनची बोलणीही खावी लागत नाहीत. मात्र ब्रिटनमध्ये जाहिरातीचे निरोप पाठवायला परवानगी लागते. ज्यांनी आधी खरेदी केली आहे त्यांना तशाच वस्तूंबद्दल कळवता येतं, पण नंबर घेताना आणि प्रत्येक निरोपात नको म्हणायची सोय द्यावी लागते. मंडळाच्या यादीतले नंबर उचलून त्यांना मेसेज पाठवणं हे त्यात बसत नाही. वहिनी वर्षातून तीनच निरोप पाठवतात: गणपती, दिवाळी, संक्रांत.

सर्चमधून आलेली मंडळी थोडीच होती, पण ती खरोखर नवी होती. तेव्हा तिथे वेळ घालवला. गूगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. जवळपास शोधणाऱ्याला कोण दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतः सांगतं: शोधलेल्या शब्दांशी मेळ, अंतर, आणि तुमची एकूण प्रसिद्धी, ज्यात रिव्ह्यूही आले. अंतर आपल्या हातात नाही. पहिल्या गोष्टीवर मात्र बरंच करता येतं. वहिनींच्या पानावर मी आधी फक्त 'अस्सल घरगुती चव' असं काहीबाही लिहिलं होतं. असं कोण शोधतं? लोक 'अनारसे' शोधतात, 'भाजणीची चकली' शोधतात, 'दिवाळी फराळ यूके' शोधतात. तेही रोमन लिपीत, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. फराळातला 'फ' कुणी 'एफ'ने लिहितं, कुणी 'पीएच'ने. तेव्हा पदार्थांची नावं देवनागरीत, रोमनमध्ये आणि सोबत साध्या इंग्रजीत एका ओळीचं वर्णन, असं सगळं लिहिलं. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर गुजराती फरसाणाची एवढी मोठी दुकानं आहेत की 'दिवाळी स्नॅक्स' या शब्दांवर वहिनी त्यांच्याशी कधीच झगडू शकणार नाहीत. पण अनारसे आणि कडबोळी शोधणाऱ्याला तिथे जायचंच नसतं. प्रोफाइलवर घराचा पत्ता लपवून फक्त 'या भागात सेवा देतो' असंही लिहिता येतं. घरून धंदा करणाऱ्या बायकांना हे आवर्जून सांगा.

रिव्ह्यूचं महत्त्व छोट्यांना जास्त आहे. मायकेल लूका यांनी सिअ‍ॅटलच्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला, तेव्हा येल्पवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं, पण हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांतच होता. साखळी दुकानांना फरक पडत नव्हता. कारण उघड आहे, साखळीत काय मिळणार ते गिऱ्हाइकाला आधीच माहीत असतं. मग मोह होतो की पाच-सहा भाच्यांना सांगावं, "जरा पाच स्टार टाका रे". नका करू. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५पासून खोटे रिव्ह्यू हा थेट कायद्याचा भंग आहे. अमेरिकेतही २०२४मध्ये तसा नियम झाला. आणि रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. डबा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एक साधी विनंती आणि दुवा, एवढं पुरतं. लाजू नका, खाऊन खूश झालेला माणूस लिहितो. त्याला फक्त आठवण नसते.

पानावर अजून एक गोष्ट लागते, जी जाहिरातवाले सहसा सांगत नाहीत. यूकेमध्ये दुरून खाद्यपदार्थ विकताना चौदा ठरावीक अ‍ॅलर्जनांची माहिती खरेदी पूर्ण होण्याआधी द्यावी लागते. आपल्या फराळात शेंगदाणे, काजू, तीळ, मोहरी, दूध, गहू सगळे असतात. वहिनींनी भाजणीची चकली 'ग्लुटेन नाही' म्हणून लिहायला सांगितली होती, भाजणीत गहू नव्हता म्हणून. मग हिंगाची डबी उलटून बघितली. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. ते वाक्य गेलं! शिवाय घरून विकायचं तरी धंदा सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी लागते, ती फुकट असते. आणि तुम्ही इथे स्टुडंट व्हिसावर असाल तर स्वतःचा धंदा करता येत नाही, 'फक्त मैत्रिणींना विकते' म्हणूनही नाही. मदत करा, नावावर घेऊ नका.

आता पैसे देऊन करायच्या जाहिरातीचं. वहिनी डबे पोस्टानेही पाठवतात, म्हणून २०२४ला आम्ही ईबेची छोटी नक्कल केली. नॉटिंगहॅममध्ये सर्चची जाहिरात लावली, डर्बीत लावली नाही. आदल्या वर्षी दोन्हीकडून साधारण सारख्याच ऑर्डर आल्या होत्या. लावायच्या आधी स्वयंपाकघरात बसून हिशेब केला. डबा २८ पौंडांना. सामान, डबा, पोस्ट, गॅस जाऊन उरतात साधारण ९, तेही वहिनींच्या हातांची मजुरी न धरता. जाहिरातीवर ६० पौंड खर्च करायचे, म्हणजे नॉटिंगहॅममधून किमान सात डबे *जास्त* गेले तर कुठे पैसे सुटणार. हा आकडा कागदावर लिहून मगच कार्ड बाहेर काढलं.

नॉटिंगहॅममधून अकरा ऑर्डर आल्या, डर्बीतून नऊ. मी व्याख्यान द्यायला सुरुवात केली, की दोनचा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो, इतक्या लहान आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही, वगैरे. वहिनी म्हणाल्या, "सिद्ध कशाला करायचंय? सात हवे होते, सात नाही आले." त्यांचं बरोबर होतं. परिणाम नेमका किती हे लहान धंद्याला कधीच मोजता येणार नाही. पण पैसे वसूल व्हायला किती मोठा परिणाम लागेल हे आधी काढता येतं, आणि तेवढा मोठा परिणाम असता तर डोळ्यांना दिसला असता.

२०२५ला जाहिरात लावली ती एकच. पोस्टाने डबा जाऊ शकतो अशा, पण जिथून आधी एकही ऑर्डर आली नव्हती अशा तीन गावांत, फक्त अनारशांच्या शब्दांवर, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचा शब्द मुद्दाम वगळून. खर्चाची मर्यादा ४० पौंड. म्हणजे पाच नवे डबे हवेत. आले सहा. पुढच्या वर्षी त्यातले किती परत येतात ते बघायचंय, कारण त्या वेळी त्यांच्यासाठी एक पेनीही द्यावी लागणार नाही.

तेवढ्यात एक वेगळीच अडचण आली. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गुळात कालवून पीठ मुरवायचं. आठवडा जातो, आणि एका बाईला किती जमणार? दिवाळीच्या नऊ दिवस आधी वहिनींनी प्रोफाइलवर 'अनारसे संपले' असं लिहायला सांगितलं. मी म्हटलं, पान तसंच राहू दे, लोक बघून फोन तरी करतील. "आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत बसू? नको. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या करणारेय, त्याचा फोटो टाक. आणि या वेळी तो लाईकवाला उद्योग करू नकोस."